घोटीव चुन्याची भिंत: मुंबईच्या घरात हे काम कोणत्या क्रमाने करावे

दिवाणखान्यातील एक भिंत संगमरवरासारखी झळकावी, म्हणून व्हेनेशियन प्लास्टर, स्टको किंवा लाइम प्लास्टर या नावांनी मिळणारा चुन्याचा लेप हौसेने लावून घेतला जातो. वर्षभरात त्याच त्या चार तक्रारी ऐकू येतात. लेपाचे पापुद्रे सुटतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसतात, हात फिरवला की पांढरी पूड लागते, किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडले की भिंतीच्या मधोमध एक रेघ उठून दिसते. दोष बहुतेक वेळा शेवटच्या थराला आणि घोटणाऱ्या कारागिराला दिला जातो. चार तक्रारींपैकी तीन मात्र पहिली थापी भिंतीला लागण्याआधीच ठरलेल्या असतात.

त्याचे कारण चुन्याच्या स्वभावात आहे. रंग पाणी उडून वाळतो. विरवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो. या क्रियेला हवा लागते, थोडी ओल लागते आणि वेळ लागतो. तिन्हींपैकी एक कमी पडले, तर भिंत वरून सुंदर दिसते आणि आतून कच्ची राहते.

१. डब्यात खरोखर चुना आहे का, हे पाहावे

बाजारात स्टको म्हणून मिळणारा बराच माल ॲक्रिलिकचा असतो. तो वाईट असतो असे नाही, परंतु त्याचे प्रायमर, वाळण्याचा वेळ आणि घोटण्याची रीत वेगळी असते. पुढील सूचना त्याला लागू पडत नाहीत. ओळखण्याची एक युक्ती आपल्या घरातलीच आहे. चिमूटभर हळद पाण्यात कालवून ओल्या मालाच्या थेंबावर टाकावी. चुना असेल तर ती क्षणात कुंकवासारखी लालभडक होते. ॲक्रिलिकवर पिवळीच राहते किंवा जेमतेम नारिंगी होते. व्हिनेगर टाकून फेस येतो का पाहण्याचा सल्ला मात्र फसवा आहे, कारण संगमरवराची भुकटी दोन्ही मालांत असते आणि फेस दोन्हींना येतो.

माल स्वतः कालवायचा असेल, तर विरवून मुरवलेला लोण्यासारखा चुना विकत घ्यावा. चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, आणून फ्लॅटमध्ये विरवण्याच्या भानगडीत पडू नये. पाणी पडताच ती उकळते आणि तिचे शिंतोडे चटका देतात. आकारमानाने एक भाग चुना आणि दीड भाग थोडी जाडसर संगमरवरी भुकटी हे पहिल्या थराचे प्रमाण धरावे, तर वरच्या थरांसाठी एकास एक आणि भुकटी मैद्याइतकी बारीक असावी. भुकटी कोणत्या दगडाची आहे त्यानुसार हे थोडे इकडेतिकडे होते, म्हणून पुढे सांगितलेली नमुना पाटी टाळू नये.

मालाचा हिशेब सोपा आहे. १० फूट रुंद आणि ९ फूट उंच भिंत म्हणजे ९० चौरस फूट, सुमारे ८.४ चौरस मीटर. एक मिलिमीटर जाडीला ८.४ लिटर माल लागतो. तिन्ही थर मिळून दोन मिलिमीटर धरले तर १७ लिटर होतात, आणि सांडलवंड धरून २० लिटर एकदमच आणावेत. कमी पडल्यावर आणलेल्या दुसऱ्या डब्याची छटा पहिल्याशी जुळेलच असे नाही.

> सावधान: ओला चुना डोळ्याला कायमची इजा करू शकतो. चष्मा आणि रबरी हातमोजे यांशिवाय डब्याचे झाकण उघडू नये. डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. कोरडी भुकटी कालवताना मास्क लावावा.

२. भिंतीची तपासणी

या टप्प्याला पूर्ण दोन दिवस द्यावेत. कंत्राटदार भिंतीवर नुसती थाप मारून "चांगली आहे" म्हणतो, तेवढ्यावर विसंबू नये.

पहिला प्रश्न ओलीचा. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर हवाबंद चिकटवावा आणि २४ तासांनी पाहावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील, तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला असतील, तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे. एकच तुकडा लावून भागत नाही. जमिनीपासून फूटभर उंचीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आणि पलीकडे नहाणीघर किंवा मोरी असेल त्या भागात, असे तीन तरी लावावेत.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. गिरगावातील आमच्या जुन्या घरात जेवणाच्या खोलीची भिंत नहाणीघराला लागून होती. वरून ती खडखडीत कोरडी दिसत होती, म्हणून मी तपासणी वगळली. तीन महिन्यांनी गुडघ्याच्या उंचीवर मिठाच्या फुलांसारखा पांढरा खार फुटला. पुसला की जायचा, आठवड्याने परत यायचा. भिंतीआड दडवलेल्या नळाच्या सांध्यातून पाणी पाझरत होते आणि ते वाटेतला खार घेऊन बाहेर पडत होते. नळ दुरुस्त करायला दोन तास लागले. भिंत पुन्हा करायला तीन आठवडे. जुन्या इमारतींच्या गिलाव्यात खाडीची रेती वापरलेली असेल, तर मुळातच मीठ असते आणि थोडी ओलही पुरते. असा खार कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतल्यास तो विरघळून पुन्हा आत शिरतो.

दुसरा प्रश्न भिंतीवर आधी काय आहे, हा.

सिमेंटचा नवा गिलावा असेल, तर त्याला २८ दिवस झालेले असावेत. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी चालते, मात्र ती घट्ट बसलेली हवी. रुपयाच्या नाण्याने जोरात ओरखडा काढून पाहावा, पूड पडली तर ती सर्व खरवडावी लागेल. पीओपी आणि नव्या टॉवरमधले जिप्सम प्लास्टर यांवर योग्य प्रायमर लावून आतल्या कोरड्या भिंतीला काम होते, परंतु पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला जिप्सम असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: तेथे हा लेप देऊ नये. जिप्सम ओलीने मऊ पडते आणि वरचा दगडासारखा थर आधाराविना उरतो. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींवर साच्याचे तेल राहिलेले असू शकते. ते धुऊन, पृष्ठभाग खडबडीत करून मगच पुढे जावे. चाळीतल्या भिंतींवर डिस्टेंपरचे थरावर थर असतात. ते भिजवून पत्र्याने खरवडून काढावेत. ऑइल पेंटवर चुना धरतच नाही, त्यामुळे तो पूर्ण उतरवण्यास पर्याय नाही.

> तपासणी: भिंतीवर बोटाने पाण्याचे थेंब उडवावेत. मिनिटभरात शोषले गेले, तर भिंत थर धरेल. थेंब मोत्यासारखे टिकून राहिले, तर अजून खरवडणे बाकी आहे. टेकताक्षणी गडप झाले, तर भिंत फार तहानलेली आहे आणि ती थरातले पाणी ओढून घेईल.

३. कधी करावे, आणि कोणत्या कामानंतर

मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढू नये. पावसाळ्यात भिंत आणि हवा दोन्ही पाण्याने भरलेल्या असतात, थर दिवसेंदिवस ओला राहतो आणि घोटण्याची वेळ हाती लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये करता येते, पण तेव्हा धोका उलटा असतो: पंखा चालू राहिला किंवा दुपारी समुद्रावरचा वारा पश्चिमेच्या खिडकीतून थेट आला, की वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि जाळीदार तडे पडतात. दिवाळीच्या आत उरकण्याच्या घाईत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली जाते, तेव्हा पावसाच्या बाजूची भिंत बहुधा सुकलेली नसते. दिवाळीनंतर करावे, पाहुणे पुढच्या वर्षीही येणार आहेत.

घरातील इतर कामांपैकी विजेची झिरी, एसीच्या पाइपचे भोक, फॉल्स सीलिंग, लादीचे पॉलिश, छताचा रंग आणि स्कर्टिंग हे सर्व आधी संपलेले असावे. लादी घासताना उडणारा चिखल घोटलेल्या भिंतीवर पडला, तर डाग निघत नाही. स्विचच्या पट्ट्या आणि दिवे मागाहून बसवावेत.

४. पृष्ठभागाची तयारी

आरसीसी खांब आणि विटांची भिंत जेथे मिळतात, तेथे उभा तडा असतो. आज नसला तरी उद्या येतो, कारण दोन्ही वस्तू उन्हात सारख्या फुगत नाहीत. तेथे आणि विजेच्या झिरीवर फायबरची जाळी पट्टी पुट्टीत दाबून बसवावी. भोके आणि खड्डे भरून दोन दिवस सुकू द्यावेत. मग लांब सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरून पाहावे. पट्टीखाली दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर ती पुट्टीनेच भरावी, लेपाने नव्हे. चकाकणाऱ्या भिंतीवर दिवा पडला की उंचवटा न् उंचवटा ओरडून सांगतो. साध्या रंगाखाली खपून जाणारी भिंत येथे खपत नाही.

त्यानंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सबंध भिंत घासावी, धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि क्वार्ट्झच्या बारीक कणांचे प्रायमर रोलरने लावून रात्रभर ठेवावे. सुकल्यावर हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपरसारखे खरखरीत लागले पाहिजे. गुळगुळीत लागल्यास प्रायमर ढवळलेले नव्हते आणि वाळू डब्याच्या तळाशीच राहिली, असे समजावे. ही चूक फार सामान्य आहे.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्या, काच आणि पितळी कड्या टेप व प्लास्टिकने झाकाव्यात. चुना ॲल्युमिनियम खातो आणि काचेवर धुरकट डाग ठेवतो.

५. रंग आणि नमुना पाटी

चुन्यात प्रत्येक रंग टिकत नाही. गेरू, पिवळी माती आणि लोहाची इतर ऑक्साइडे, तसेच हिरवे क्रोमियम ऑक्साइड हे भरवशाचे आहेत. प्रशियन निळा चुन्यात मरतो. वस्त्रांचे रंग आणि पेंटच्या दुकानातले सर्वसाधारण स्टेनर वापरू नयेत. रंगाची पूड चुन्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत ठेवावी. त्याहून फार जास्त झाल्यास थर कमजोर होतो आणि रंग हाताला लागतो. पूड आदल्या रात्री पाण्यात भिजवून गाळून घ्यावी, अन्यथा घोटताना तिच्या गाठी फुटतात आणि भिंतीवर धूमकेतूसारख्या शेपट्या उमटतात. सर्व माल एकाच वेळी, एकाच पिंपात रंगवावा.

दोन फूट बाय दोन फूट सिमेंट शीटवर प्रायमरपासून मेणापर्यंत सर्व थर देऊन नमुना करावा आणि तो आठवडाभर त्याच खोलीत, त्याच भिंतीला टेकवून ठेवावा. ओला असताना जो विटकरी दिसतो, तो सुकल्यावर फिकट गुलाबी होतो. रंगाचा निर्णय सकाळच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात, दोन्ही वेळा पाहून घ्यावा.

६. पहिला थर

जाडसर माल स्टीलच्या थापीने एक मिलिमीटरच्या आसपास जाडीत ओढावा. वरून खाली यावे, आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता जावे. येथे चकाकी आणण्याचा प्रयत्न करू नये. हा थर सपाट पण किंचित खरबरीत हवा, कारण पुढचा थर त्यालाच धरणार आहे. थापीच्या धारेने उठलेल्या कडा थर आवळल्यावर खरवडून घ्याव्यात. मग एक दिवस जाऊ द्यावा.

> तपासणी: दुसऱ्या दिवशी नखाने दाबून पाहावे. खूण उमटू नये आणि पूड पडू नये. पूड पडल्यास थर फार लवकर सुकला आहे. त्यावर पाण्याचे तुषार मारून आणखी एक दिवस थांबावे.

७. दुसरा थर

पहिला थर पूर्ण कोरडा झाला असेल, तर स्प्रेने हलका दमट करावा. पाणी ओघळता कामा नये. दुसरा थर बारीक मालाचा आणि पहिल्याच्या निम्मा. थापी तिरपी धरून लहान लहान, एकमेकांना छेदणारे हात मारावेत, कारण संगमरवरासारखी खोली याच छेदांतून येते. सगळे हात एकाच दिशेचे झाले तर भिंत सारवल्यासारखी दिसते.

किनारीला स्टेन्सिलची उठावाची नक्षी हवी असेल, तर ती या थरावर, त्याच मालाने, दीड मिलिमीटरपेक्षा जास्त न उचलता काढावी. सबंध भिंतभर नक्षी आणि सबंध भिंतभर चकाकी असे दोन्ही मागणाऱ्यांनी नमुना पाटी पुन्हा एकदा पाहावी.

८. शेवटचा थर आणि घोटाई

हा दिवस सकाळी नऊला सुरू झाला पाहिजे. बहुतेक सोसायट्यांत कामगारांना संध्याकाळी ठरलेल्या वेळी बाहेर पडावे लागते, आणि अर्धी घोटलेली भिंत उद्यापर्यंत थांबत नाही. ९० चौरस फुटांसाठी दोन माणसे लागतात: एक थर ओढतो, दुसरा त्याच्या मागून घोटत येतो. सुरुवातीला सांगितलेली मधली रेघ उमटते ती येथे, आणि ती बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीची असते. दोघांनी आळीपाळीने जेवावे. खिडक्या बंद, पंखा बंद, एसी बंद.

थापी लवचिक, स्टेनलेस स्टीलची आणि गोलसर कोपऱ्यांची असावी. गवंड्याची लोखंडी थापी पांढऱ्या चुन्यावर काळपट ओरखडे ठेवते. नव्या थापीची धारही आधी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर मारून घ्यावी.

थर कागदाइतका पातळ ओढावा, जणू पोळीवर तूप. मग वाट पाहावी. केव्हा घोटावे हे घड्याळ सांगत नाही, बोट सांगते. पालथे बोट टेकवले असता गार लागले पाहिजे, पण बोटाला काही चिकटता कामा नये आणि ठसाही उठता कामा नये. त्या क्षणी थापी जवळजवळ सपाट धरून हलक्या दाबाने सुरुवात करावी आणि प्रत्येक फेरीला दाब वाढवीत जावे. सुरुवातीला थापी मुकी असते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ती वाजू लागते, ताटावर वाटी घासावी तसा बारीक, कोरडा आवाज येतो, आणि खिडकीचे प्रतिबिंब आधी धुरकट, मग कडेसकट दिसू लागते. आवाज चढला आणि थापीखाली काळसर झाक आली, की थांबावे. त्यापुढे थर जळतो, म्हणजे थापीचा धातू भिंतीवर उतरतो. थापी दर काही हातांनी ओल्या फडक्याने पुसत राहावी.

फार लवकर घोटल्यास थर थापीबरोबर गुंडाळून येतो. फार उशिरा घोटल्यास कितीही जोर लावला तरी चकाकी येत नाही. उशीर झालाच, तर सबंध भिंतीवर एकसारखे तुषार मारून पाहावे. फक्त निस्तेज तुकड्यावर पाणी मारले, तर तो तुकडा कायमचा वेगळा दिसतो.

> सावधान: बादल्या आणि थापी धुतलेले पाणी नहाणीघराच्या जाळीत ओतू नये. चुना आणि दगडाची भुकटी पाइपात बसून घट्ट होतात, आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. पाणी बादलीत रात्रभर निवळू द्यावे आणि तळाचा गाळ सुकवून डेब्रिजच्या गोणीत टाकावा.

९. साबण, वाट पाहणे आणि मेण

थर अजून ताजा असताना ऑलिव्ह तेलाच्या साध्या साबणाचे पातळ पाणी मऊ ब्रशने लावून पुन्हा एकदा घोटता येते. साबण चुन्याशी मिळून पाण्यात न विरघळणारा पदार्थ बनतो आणि पृष्ठभाग पाणी झटकू लागतो. मोरोक्कोतील नहाणीघरांच्या भिंती याच गुणावर टिकतात. डिटर्जंटचा येथे उपयोग नाही.

मेण मात्र तीन ते चार आठवड्यांनी. भिंत दुसऱ्या दिवशीच चकचकीत दिसते, म्हणून ताबा देण्याच्या घाईत मेण लगेच चढवले जाते, आणि हाताला पूड लागण्याचे हे एक मोठे कारण आहे: मेणाने हवा अडली की आतला चुना पक्का व्हायचा राहून जातो. या काळात खोलीत वारा खेळता असावा, पण भिंतीवर पंख्याचा झोत नको. पहिल्या आठवड्यात हवा फार कोरडी असेल, तर दिवसातून एकदा हलके तुषार मारावेत. मग मधमाशीचे मेण मऊ फडक्याने अगदी पातळ लावून तासाभराने पुसावे.

१०. जागा निवडताना आणि वापरताना

गॅसच्या शेगडीमागे हा लेप देऊ नये. तेलाचे शिंतोडे मेणातून आत मुरतात, आणि हळद ताज्या चुन्यावर पडली तर काय होते ते पहिल्या टप्प्यात पाहिलेच आहे. देवघरामागच्या भिंतीचाही विचार करावा; निरांजनाची काजळी मेणावर बसते आणि पुसताना पसरते. तेथे एक काच किंवा दगडी पाटी बरी.

भिंत पुसायला कोरडे किंवा किंचित ओले मऊ फडके पुरते. लिंबू, व्हिनेगर आणि संडास धुण्याचे ॲसिड चुन्याला खातात. कामवाल्या मावशींना हे पहिल्याच दिवशी दाखवून सांगावे, कारण एका फटकाऱ्यात उमटलेला निस्तेज डाग मेणाने झाकला जात नाही. भोक पाडायचे असल्यास त्या जागी कागदी टेप लावावा, ड्रिलचा हातोडा बंद ठेवून लेप पार करावा आणि मगच तो चालू करावा. काम झाल्यावर उरलेला लिटरभर माल घट्ट झाकणाच्या डब्यात, वर बोटभर पाणी ठेवून जपून ठेवावा, आणि डब्यावर तारीख व भिंत लिहावी. कपाट सरकवताना पडणारा पहिला टवका भरायला तोच उपयोगी पडतो.